स्वान्झीच्या डॉक्टर केळकर

आमच्याकडे किस्से कसे साठतात, ते सांगतो. ओहायोतल्या कुठल्याही मराठी घरात सिंकखालचं कपाट उघडा. दह्याचे रिकामे डबे अंगावर कोसळतात. एकही टाकवत नाही, आणि कुठल्याच डब्याला त्याचं झाकण सापडत नाही. किस्स्यांचं तसंच आहे. एक काढायला गेलं की सात पडतात, आणि प्रत्येकावर दुसऱ्याचंच झाकण!

माझ्याकडचे सगळे डबे एकाच घरातले. डब्लिनमधल्या फडक्यांच्या बेसमेंटमधले. डब्लिन म्हणजे आयर्लंडमधलं नव्हे, कोलंबसजवळचं. दर दुसऱ्या शनिवारी दुपारी तिथे आमचं 'स्वान्झी मंडळ' भरतं. सभासद मोजून चार. अच्युतकाका फडके, वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या पत्नी वसुधाकाकू, वय एक्क्याऐंशी. सातपुतेकाका, मूळचे नागपूरचे, अच्युतकाकांच्याच वयाचे. हे तिघंही रिटायर्ड डॉक्टर. अमेरिकेत येण्याआधी तिघांनीही उमेदीची वर्षं वेल्समधल्या स्वान्झी नावाच्या बंदराच्या गावात, एकाच हॉस्पिटलात काढली. चौथा मी. मी डॉक्टर नाही, स्वान्झीला कधी गेलेलो नाही, इतिहास कॉलेजात शिकलेलो नाही. रोजनिशी लिहितो, एवढीच माझी पात्रता. हे तिघं बोलतात, मी तारीख घालून उतरवून घेतो, आणि नंतर लायब्ररीतून पुस्तकं आणून ताडून बघतो. म्हणून सातपुतेकाकांनी माझं नाव चित्रगुप्त ठेवलं. "अबे चित्रगुप्ता, हे लिहू नको!" असं ते म्हणाले, की ते मी आधी लिहितो.

मागच्या वर्षी स्वान्झीहून एक मेल आली. त्या हॉस्पिटलच्या जुन्या आठवणी जमवणारा तिथे एक हौशी गट आहे. ते छोटं प्रदर्शन भरवणार होते. परदेशातून येऊन तिथे काम केलेल्या डॉक्टरांची यादी लावायची होती. अच्युतकाकांनी मेल मोठ्याने वाचली, तीनदा. सातपुतेकाका म्हणाले, "आता आठवण झाली का आमची?"

काकू शांतपणे शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "माझी एकच अट आहे. यादीत डॉक्टर शालिनी केळकर हे नाव आलं पाहिजे. बाकी काही नको."

शालिनी केळकर म्हणजे काकूच. लग्नाआधीच्या.

* * *

हे लोक तिथे पोचले, तेव्हा स्वान्झी हे अधिकृतपणे शहर नव्हतंच. टाऊन होतं. म्हणजे किल्ला होता, बंदर होतं, कॉलेज होतं, युद्धात सलग तीन रात्री बॉम्ब पडून बेचिराख झालेला आणि पुन्हा बांधलेला बाजार होता. फक्त 'सिटी' हा किताब नव्हता. हे तिथे असतानाच तो मिळाला. हॉस्पिटलात चहा आणि केक वाटला गेला.

वॉर्डातली सिस्टर सातपुतेकाकांना म्हणाली, "डॉक्टर, आजपासून आपण सिटी झालो!"

सातपुतेकाका तेव्हाही सातपुतेकाकाच होते. ते म्हणाले, "सिस्टर, गावाला प्रमोशन मिळालं. माझा अर्ज पडून दीड वर्ष झालं, त्याचं काय?"

सिस्टरने केकचा तुकडा त्यांच्या बशीत ठेवला. "गावाने आठशे वर्षं वाट बघितली, डॉक्टर. तुम्ही अजून तरुण आहात!"

मी नंतर ताडून बघितलं. गावाला पहिली सनद बाराव्या शतकातली. बाईचा हिशोब चोख होता.

* * *

त्या अर्जाचंही सांगायला हवं.

सातपुतेकाकांना सर्जन व्हायचं होतं. अच्युतकाकांना हाडांचं काम करायचं होतं. बरोबर आणखी तिघं भारतीय होते. एकाला हृदय हवं होतं, एकाला लहान मुलं, एकाला डोळे. एकाच आठवड्यात पाचही जणांच्या मुलाखती झाल्या. बोर्डावरच्या साहेबांनी प्रत्येकाला अगदी आपुलकीने सांगितलं, "एक्सलंट! तुमच्यासाठी माझ्याकडे अगदी योग्य जागा आहे."

संध्याकाळी पाचही जण कँटीनमध्ये भेटले. प्रत्येकाने आपापली योग्य जागा सांगितली. पाचही जणांना म्हाताऱ्यांचा वॉर्ड मिळाला होता!

कारण साधं होतं. म्हाताऱ्यांचा वॉर्ड तिथल्या कुठल्याच डॉक्टरला नको असायचा. ही गोष्ट अच्युतकाका चिडून सांगतात. अजून. इतक्या वर्षांनी अमेरिकेत नाव कमावून, घर बांधून, मुलीला डॉक्टर करूनही त्यांचा आवाज चढतो. "पाच माणसं! पाच ब्रँचेस! आणि त्या माणसाने आमच्या कागदाकडे बघितलंसुद्धा नाही रे!"

सातपुतेकाकांना गुडघे दुखतात, कानाला मशीन आहे, गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा खिशात असतो. ते म्हणाले, "फडके, उगाच चिडतो बे तू. तेव्हा थिअरी झाली, आता प्रॅक्टिकल सुरू आहे."

* * *

वेल्समध्ये आडनावं फार थोडी. हॉस्पिटलात जोन्स नावाचे तीन डॉक्टर होते. टेलिफोन एक्स्चेंजवर बसणाऱ्या बाईने त्यांची सोय लावली होती. हाडांचा तो 'जोन्स बोन्स'. भूल देणारा तो 'जोन्स गॅस'. तिसरा नुसताच सुस्वभावी होता, तो 'जोन्स नाइस'.

मग आले आपले लोक. बाईने तीच पद्धत लावली. फडके हा 'फ्रेड' झाला. सातपुते हा 'सॅटरडे'. आणि एकदा सॅटरडे नाव पडल्यावर प्रत्येक शनिवारची ड्यूटी त्यालाच लागायला लागली! तक्रार केली तर क्लार्क म्हणाला, "पण डॉक्टर, रजिस्टरमध्ये तुमच्या नावापुढेच लिहिलंय!"

केळकर ही 'केली' झाली. डॉक्टर केली.

काकूंना तेव्हा राहायला खोली हवी होती. एक्स्चेंजवरच्या त्याच बाईने, बिचारीने चांगल्या मनाने, एका घरमालकिणीला फोन केला. "आमच्या डॉक्टर केलींना खोली हवी आहे." घरमालकीण खूश झाली. केली म्हणजे आयरिश मुलगी असणार. थोडी बडबडी असेल, पण चालेल. खोली पक्की.

काकू बॅग घेऊन, साडीवर ओव्हरकोट घालून दारात उभ्या राहिल्या. बाईने दार उघडलं. वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सॉरी डियर. खोली आत्ताच गेली."

"कोणाला?" काकूंनी विचारलं.

"डॉक्टर केलींना!"

काकू हा किस्सा सांगताना स्वतः हसत नाहीत. आम्ही हसून झाल्यावर त्या म्हणतात, "मी परत फिरले तेव्हा माझ्या मनात काय आलं, सांगू? की ती केली किती नशीबवान."

* * *

आता त्या वहीविषयी. ही हकीकत मला काकूंकडून काढायला चार शनिवार लागले.

काकूंना भूल देण्याच्या विभागात काम मिळालं होतं. त्या काळी भूल देताना पेशंटला आकडे मोजायला सांगत. मोजणं थांबलं की समजायचं, झोप लागली. एक दिवस आसपासच्या खेड्यातली एक म्हातारी ऑपरेशनला आली. एरवी इंग्रजी बोलायची, पण घाबरली की तिचं इंग्रजी पळून जायचं. तिला मोजायला सांगितलं तर ती काहीतरी भलतंच पुटपुटायला लागली. सर्जन लंडनकडचा. तो म्हणाला, "पेशंट गोंधळलेली आहे. लिहा, कन्फ्यूज्ड."

काकू वाकून ऐकत होत्या. "ईन, दाय, त्री..." त्या 'त्री'पाशी थांबल्या. हे तर आकडे आहेत! बाई गोंधळलेली नव्हती. ती आपल्या भाषेत नीट मोजत होती.

त्या दुपारी काकूंनी झाडलोट करणाऱ्या बाईला गाठलं आणि एक ते दहा वेल्शमध्ये लिहून मागितले. लिहिलेलं वाचता येईना. कारण तिथे लिहितात 'पंप' आणि म्हणतात 'पिंप'. मग काकूंनी सरळ एक वही घेतली आणि ऐकू आलं तसं मराठीत लिहून काढलं. ईन, दाय, त्री, पेद्वार, पिंप. पुढे नऊला ते म्हणतात 'नाऊ'. काकू सांगतात, "एवढ्या थंडीत, एवढ्या लांब, कोणीतरी नऊला नाऊ म्हणतंय! मला रडायलाच आलं रे."

हळूहळू वही वाढली. 'दुखतंय का', 'घाबरू नका', 'तोंड उघडा', 'लेक बाहेरच बसली आहे'. सगळं वेल्श, सगळं देवनागरीत. पहिल्या पानावर शाळेतल्यासारखं नाव घातलेलं, कु. शालिनी गणेश केळकर.

पुढे एका आजीला भूल द्यायची होती. काकूंनी तिचा हात धरला आणि तिच्याबरोबर मोजायला लागल्या. आजीने मोजणं थांबवून डोळे उघडले. विचारलं, "पोरी, तू कुठल्या खोऱ्यातली?" तिकडे गावं नदीच्या खोऱ्यांवरून ओळखतात.

काकू म्हणाल्या, "कृष्णेच्या."

"ते कुठे आलं?"

"सांगलीला."

आजीने मान हलवली. "असेल. वरच्या अंगाला असेल." आणि झोपली.

* * *

आता नावाचं. हे अच्युतकाका पार्टीत गंमत म्हणून सांगतात. काकू सांगतात तेव्हा ते वेगळं लागतं. मी काकूंचं उतरवतो.

दोघांचं लग्न स्वान्झीच्या कँटीनमध्येच ठरलं. दोन वर्षं काका त्यांना 'शालिनी' म्हणत होते. त्याच नावाने मागणी घातली. सहा आठवड्यांची रजा काढून दोघं लग्नासाठी देशात गेली. लग्नाच्या दुपारी तांदळाच्या ताटात नवीन नाव लिहायची वेळ आली. सासूबाई म्हणाल्या, "शालिनी नको. माझ्या धाकट्या जावेचं नाव तेच आहे. एकीला हाक मारली की दोघी येतील!" दोन नावं निघाली, वसुधा आणि वीणा. सासूबाईंनी मुलाला विचारलं, "अच्युत, तुला कुठलं आवडतं?"

काका म्हणाले, "काहीही चालेल. पंगत खोळंबलीय."

काकूंनी स्वान्झीला परत येऊन हॉस्पिटलच्या ऑफिसात कागद दिले. क्लार्कने लग्नाचा दाखला बघितला. आडनाव बदललं, हे त्याला कळलं. त्याच्या बायकोचंही बदललं होतं. पण पहिलं नाव? तिकडे ते बदलतं फक्त मठात जाताना. त्याने चष्मा काढला. "डॉक्टर, तुम्ही लग्न केलंत की नन झालात?"

पार्टीत किस्सा इथे संपतो, सगळे हसतात. माझ्या वहीत काकूंचं पुढचं वाक्य आहे. "मीही हसले होते. आता वाटतं, त्याने बरोबर विचारलं होतं."

क्लार्कने काय केलं, ते आम्हाला पुढे कळायचं होतं. त्याने जुनं नाव खोडून नवं लिहिलं नाही. केळकर या नावापुढे 'राजीनामा, भारतात परत' असं लिहिलं, आणि खाली नवी ओळ उघडली, 'डॉ. मिसेस फडके'.

* * *

असाच एक इथला. ओहायोत ड्रायव्हिंग लायसन्स नव्या पद्धतीचं करायचं होतं. जन्माचे, लग्नाचे, सगळे कागद मागत होते. काकूंच्या शाळेच्या दाखल्यावर शालिनी केळकर, पासपोर्टवर वसुधा फडके. काउंटरवरचा पोरगा नम्र होता. म्हणाला, "मॅम, या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत."

शेवटी ॲफिडेव्हिट करायचं ठरलं. आपल्याकडे असतं ना, 'वन अँड द सेम पर्सन', ही ती आणि ती ही, एकच व्यक्ती. नोटरीने विचारलं, दोन्ही व्यक्तींना ओळखणारं कोणी आहे का? काकांनी हात वर केला. सही केली.

गाडीत काकू म्हणाल्या, "मी मीच आहे, हे यांनी लिहून दिल्यावर मी मी झाले."

काका म्हणाले, "अगं, मग चांगलंच झालं की! काम झालं ना?"

* * *

आपल्या तरुण मंडळींना या सगळ्यात किती रस आहे, याचाही एक नमुना देतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत अच्युतकाकांना व्याख्यानाला दहा मिनिटं मिळाली. मुलांचा डान्स आणि जेवण यांच्यामध्ये. विषय होता 'तांब्याची राजधानी'.

काका महिनाभर तयारी करत होते. एके काळी जगातलं कितीतरी तांबं स्वान्झीत वितळत होतं. जहाजं भरून खनिज यायचं, तांब्याचे पत्रे आणि विटा भरून बाहेर जायची, त्यातलं पुष्कळ हिंदुस्तानात. "आपल्या पणजोबांच्या पंचपात्रीत स्वान्झी होती!" काका गरजले. मग त्या धुराने नदीकाठच्या टेकड्या कशा जळल्या, गवताची काडीसुद्धा कशी उगवत नव्हती, आणि मग कारखाने गेल्यावर शाळेतल्या मुलांनी तिथे झाडं कशी लावली, हे सांगताना त्यांचा आवाज कापला. मागे बसलेले सगळे फोनवर होते. जेवणाच्या रांगेत आधीच तीस माणसं.

"काही प्रश्न?"

एका बाईंनी हात वर केला. काकांचा चेहरा उजळला.

"काका, तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी उपाशीपोटी प्यावं का हो?"

काका म्हणाले, "प्यावं. जिथे ते वितळवलं तिथलं तेवढं पिऊ नये."

दुसरा प्रश्न एका सॉफ्टवेअरवाल्या तरुणाचा होता. "काका, तुम्ही वेल्सहून इकडे आलात, तर ग्रीन कार्डला किती वर्षं लागली?"

सातपुतेकाका पहिल्या रांगेतून ओरडले, "आठशे!"

* * *

आता प्रदर्शनाकडे येतो.

आम्ही यादी पाठवली. फडके, सातपुते, केळकर. उत्तर आलं, फडके आणि सातपुते आहेत, 'मिसेस फडके' याही आहेत, पण डॉक्टर केळकर दोनच वर्षं होत्या, राजीनामा देऊन भारतात परत गेल्या, तेव्हा त्यांना घेता येणार नाही. सोबत एक फोटो होता. 'तुम्हाला बघून आनंद होईल. भूल विभागाच्या एका ड्रॉवरमध्ये हे सापडलं. आम्ही काचेच्या पेटीत ठेवणार आहोत.'

फोटोत काकूंची वही होती! अमेरिकेला निघताना तिथेच राहिलेली. नर्सेसनी एकीकडून दुसरीकडे देत, कोणाला एक अक्षर वाचता येत नसताना, सांभाळून ठेवलेली. आणि खाली लेबलचा मसुदा होता, 'हिंदू प्रार्थनांचं पुस्तक. डॉ. ए. फडके यांचं.'

काकू चष्मा पुसून पुन्हा फोटो बघायला लागल्या. पहिल्या पानावरचं 'कु. शालिनी गणेश केळकर' फोटोत स्वच्छ वाचता येत होतं.

सातपुतेकाका म्हणाले, "फडके, जन्मात कधी प्रार्थना केलीस का बे तू?"

"केली होती," काका म्हणाले. "मुलाखतीच्या आधी."

मी म्हटलं, "काकू, मी लिहितो त्यांना. पान आणि ओळ घालून, अक्षर अन् अक्षर लावून देतो. आणि केळकर म्हणजे तुम्हीच, हेही."

"पहिलं लिही. दुसरं लिहू नकोस," काकू म्हणाल्या.

"का?"

"तिने ते काम फडक्यांची बायको म्हणून केलं नव्हतं. तिचं नाव तिच्या वहीवर लागू दे. मी कोण, ते मग बघू."

मी सगळ्या पानांचे फोटो मागवले आणि काकूंना विचारत तीन आठवडे बसलो. प्रत्येक पानाचा तक्ता केला, डावीकडे देवनागरी, मधे उच्चार, उजवीकडे वेल्श शब्द. मेगन नावाची बाई त्या गटाचं काम बघते, तिला पाठवला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, त्यात चार उद्गारचिन्हं. 'ही प्रार्थना नाहीच! ही आमची भाषा आहे!!! लेबल बदलतो. नाव डॉक्टर शालिनी केळकर असंच लावतो. एक छोटा फॉर्म पाठवते, तेवढा भरून द्या.'

त्या शनिवारी काकूंनी श्रीखंड केलं होतं. सातपुतेकाकांनी शुगर विसरून दोनदा घेतलं. काकू मला म्हणाल्या, "मला ते लेबल छापलेलं बघायचं आहे. बस्स." इतक्या वर्षांत त्यांना काही मागताना मी पहिल्यांदा बघितलं.

* * *

फॉर्म अच्युतकाकांच्या मेलवर आला. आमच्या घरी त्या आठवड्यात सगळ्यांना फ्लू, म्हणून मी गेलोच नाही. काकांनी तो एकट्याने भरून पाठवला. फोनवर म्हणाले, "सगळं केलं रे. काकूला सांगू नकोस, सरप्राइज आहे. मीही काहीतरी करायला पाहिजे ना तिच्यासाठी."

उद्घाटन तिकडे दुपारी तीनला, म्हणजे इथे सकाळी दहाला. बेसमेंटमध्ये मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. काकूंनी निळी रेशमी साडी नेसली होती. काकांनी टाय बांधला होता. सातपुतेकाका कानाचं मशीन नीट बसवून, पुढे सरकून बसले.

मेगन पडद्यावर आली. पन्नाशीची, हसरी बाई. मागे चाळीसेक माणसं, चहाचे कप, लहान मुलं. तिने फोन हातात घेऊन काचेच्या पेटीकडे नेला. वही उघडी ठेवली होती, बरोबर आकड्यांच्या पानावर. मेगनने तिथल्या एका मुलीला बोलावलं. ती मुलगी माझ्या तक्त्यावरून मोठ्याने वाचायला लागली, आणि मागची सगळी माणसं तिच्याबरोबर मोजायला लागली. काकूंचे ओठ हलत होते.

मग मेगनने फोन लेबलवर धरला आणि वाचून दाखवलं.

"डॉक्टर शालिनी केळकर यांची वही. भारतातून आलेल्या भूलतज्ज्ञ. आपल्या पेशंटसाठी त्या वेल्श शिकल्या."

काकूंनी डोळे मिटले.

"डॉक्टर अच्युत फडके यांच्या माजी पत्नी."

आम्ही म्यूटवर होतो, हे किती बरं.

"अगं, मी..." काका टाय सैल करायला लागले. "त्या फॉर्ममध्ये विचारलं होतं, वहीच्या मालकिणीशी तुमचं नातं काय. खाली ऑप्शन होते. स्पाउस. फॉर्मर स्पाउस. अदर. आता शालिनी हे तुझं फॉर्मर नाव ना? पूर्वाश्रमीची शालिनी केळकर. म्हणून मी फॉर्मरवर टिक केलं. बरोबरच वाटलं गं मला!"

"अबे फडके," सातपुतेकाका हळूच म्हणाले, "घटस्फोट घेतला आणि आम्हाला सांगितलं बी नाही?"

कोणी हसलं नाही. ते स्वतःही नाही.

पडद्यावर मेगन आमच्याकडे बघत होती. "आणि आज अमेरिकेतून आपल्याबरोबर डॉक्टर फडके आहेत, आणि त्यांच्या मिसेसही आहेत. मिसेस फडके, तुम्ही आवर्जून आलात, हा तुमचा केवढा मोठेपणा!" मागच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मेगन थोडी पुढे वाकली, आवाज मऊ केला. "मी विचारलं तर चालेल ना? तुम्ही डॉक्टर केळकरांना कधी भेटला होतात का?"

"आत्ता सांगतो मी तिला, थांब," काका उठायला लागले. मीही माऊसकडे हात नेला. काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि स्वतः म्यूट काढला.

"हो तर," काकू स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या. "माझ्या लग्नाच्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही एकत्रच होतो."